बोन्साय: तो, ती की ते?

विचारणा आली आहे ती नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका ताईंची. त्यांच्या गच्चीत पाच-सहा बोन्साय आहेत. नर्सरीवाले दादा ‘तो बोन्साय’ म्हणतात, सासूबाई ‘ती बोन्साई’ म्हणतात, ताई स्वतः ‘ते’ म्हणतात आणि झाडांच्या एका प्रदर्शनात त्यांना फलक दिसला ‘वामनवृक्ष’ असा. यातलं बरोबर काय, आणि या छंदातल्या जपानी शब्दांना मराठीत काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलंय.

आधी ‘वामनवृक्ष’ बघू. जपानीत ‘बोन’ म्हणजे तबकासारखं उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे लागवड. चिनीत हीच दोन अक्षरं ‘पेन्झाय’ अशी वाचतात. म्हणजे मूळ शब्दात बुटकेपणाचा उल्लेखच नाही. हिंदीतल्या ‘बौना’शी त्याचं नातं लावणारेही भेटतात, पण ते नुसतं ध्वनिसाम्य. मग ‘कुंडीतलं झाड’ म्हणावं, तर तेही जमत नाही. साध्या कुंडीतल्या झाडाला जपानीत ‘हाचिउए’ असा वेगळा शब्द आहे.

‘वामन’ला दुसरी हरकत बागेतली. खुज्या जातीचं झाड शेतात लावलं तरी खुजंच राहतं. बोन्सायचा वड मात्र पारावरच्या वडाच्याच जातीचा असतो. तबकातून काढून जमिनीत लावा, मुळं मोकळी झाली की तो वाढायला लागतो. (पुराणातल्या वामनानेही शेवटी तेच केलं, असं कुणी म्हणालं तर माझी बोलती बंद!) ज्यांना ‘वामनवृक्ष’ आवडतो त्यांनी तो खुशाल वापरावा. पण तो बोन्सायचा अर्थ नव्हे, आपण वरून ठेवलेलं नाव आहे.

आता लिंग. शेवटच्या ‘आय’वरून काही ठरत नाही. उपाय, न्याय, व्यवसाय पुल्लिंगी. गाय आणि दुधावरची साय स्त्रीलिंगी. पण बोन्साय स्त्रीलिंगी असतं, तर गाय–गाई या चालीवर त्याचं अनेकवचन ‘बोन्साई’ झालं असतं. ‘माझ्याकडे चार बोन्साई आहेत’ असं म्हणणारे आहेत खरे, पण त्यांचं एकवचनही ‘बोन्साई’च असतं. हे लेखन हिंदीच्या वळणाचं आहे. शब्द ईकारान्त दिसला की मिठाई, शिलाई यांच्या ओळीत बसतो आणि आपसूक ‘ती’ होतो. दादांच्या ‘तो’मागे बहुधा वृक्ष किंवा वड असावा.

परका शब्द मराठीत आला की पुष्कळदा तो ज्या घरच्या शब्दाच्या जागी बसतो त्याचं लिंग घेतो. गाडी ती, म्हणून कार ती आणि बसही ती. बोन्साय हे झाड, म्हणून ते बोन्साय. ताईंचा कान बरोबर आहे. आणखी एक पुरावा रोजच्या बोलण्यातला. ‘आईबापांनी पोराचं पार बोन्साय करून टाकलं’ असंच आपण म्हणतो. इथे ‘पोराचा बोन्साय केला’ कुणी म्हणत नाही.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुंटवलेलं झाड नव्हे, असं म्हणत या वाक्प्रयोगावर बोन्सायवाले चिडतात आणि झाडापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. उपाशी ठेवलेलं झाड मरतं. बोन्सायला वेळच्या वेळी पाणी, खत, नवी माती मिळते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे, १६२५ पासून जोपासलेला. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता, तरी वाचला, आणि १९७६ मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट म्हणून गेला. एवढं आयुष्य खुंटलेल्या झाडाला लाभत नाही. पण वाक्प्रचार वनस्पतिशास्त्राला विचारून रुळत नाहीत. तो आता मराठीचा झाला आहे, राहू द्या.

सासूबाईंनाही थोडं श्रेय द्यायला हवं. नपुंसकलिंगाचं अनेकवचन ‘ती’ होतं. एक असेल तर ‘ते बोन्साय’, गच्चीतली सगळी मिळून ‘ती बोन्साय’. फक्त शेवटचा ‘य’ तेवढा राखायचा. प्रत्यय लावताना व्यवसायाच्या चालीवर ‘बोन्सायाला’ करता येईल, पण ते कानाला पुस्तकी लागतं. ‘बोन्सायला’, ‘बोन्सायचं’ रुळलं आहे.

जपानी शब्दांचं म्हणाल, तर सगळेच भाषांतरित करू नयेत. बुंध्याशी मातीवर दिसणाऱ्या मुळांच्या पसाऱ्याला ‘नेबारी’ म्हणतात. तो शब्द आटोपशीर आहे, ठेवावा. ‘केंगाई’ म्हणजे कुंडीच्या काठाखाली लोंबणारं झाड. त्याला ‘कड्यावरचं झाड’ म्हटलं की ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाला चित्र दिसतं. एका तबकात अनेक झाडं लावण्याच्या ‘योसे-उए’ प्रकारात विषम संख्या पसंत करतात. पाच वड लावले तर नाशिककराने नाव शोधायला लांब जाऊ नये, पंचवटी म्हणावं.

कामाच्या शब्दांसाठी मात्र जपानही नको आणि संस्कृत कोशही नको. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ते तयार आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणारी माणसं फांदीवरच्या कोंबाच्या जागेला ‘डोळा’ म्हणतात, टोक खुडण्याला ‘शेंडा मारणं’, पानाच्या बगलेतून येणाऱ्या फुटव्याला ‘बगलफूट’. बोन्सायच्या फांदीला घेर यावा म्हणून हीच कामं करतात. फायकसची, म्हणजे वड-पिंपळाच्या गोतातल्या झाडाची, सगळी पानं काढून टाकली की नवी पानं लहान येतात. याला ‘पर्णविमोचन’ असलं काही घडवू नका. कसमादेतले (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातले) डाळिंबवाले बहार धरताना ‘पानगळ करणं’ म्हणतात, ते चालेल. अर्थात सगळंच उचलता येत नाही. द्राक्षवेलीचा ‘ओलांडा’ मांडवाच्या तारेवर आडवा धरलेला असतो. बोन्सायला फांदीच पुरे.

तारेचं जरा जपून. आपण सरसकट ‘तार बांधणं’ म्हणतो, पण ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची तार फांदीभोवती तिरक्या वेढ्यांनी फिरवतात, म्हणून ‘तार गुंडाळणं’ नेमकं. फांदी जाड होऊ लागली की तार सालीत शिरते, त्याला ‘रुतणं’ म्हणावं. रुतण्याआधीच ती कापून काढायची. उलटी उलगडत बसलं तर फांदी मोडते.