ऑडिट पास झालेलं वॉलेट आणि नवीन बोटाचा ठसा (उत्तर लांबलंय, माफ करा)

तुमच्या क्रिप्टो-वॉलेट अ‍ॅपबद्दलच्या पोस्टमधल्या दोन वाक्यांनी जुन्या जखमेवरची खपली निघाली. एक: "चाचणी करणाऱ्या काही जणांनी फोनमध्ये नवीन बोटाचा ठसा नोंदवला आणि तेव्हापासून त्यांचं वॉलेट उघडतच नाही." दुसरं: "पण ऑडिट झालंय, अहवालात गंभीर दोष एकही नाही." (ऑडिट म्हणजे बाहेरच्यांनी केलेली सुरक्षेची तपासणी.) शेवटी तुम्ही विचारलंय, की पुन्हा असं होऊ नये म्हणून वापरकर्त्यांच्या सीड शब्दांची (ज्यांतून वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या निघतात ते बारा शब्द) एन्क्रिप्ट केलेली प्रत तुमच्या सर्व्हरवर ठेवावी का.

किल्ल्या वापरकर्त्याच्याच हातात राहतात अशा वॉलेटवर मी एका छोट्या टीमबरोबर काम केलंय. सीड, डेरिव्हेशन पाथ (सीडमधून एकेक किल्ली काढायचा मार्ग), बीआयपी-३९ आणि ३२ (सीड शब्द आणि त्यांतून किल्ल्या काढायची मानकं) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मी वकील नाही, क्रिप्टोग्राफरही नाही. खालची मतं माझी आहेत, पटतील तेवढीच घ्या.

आधी ठशाचं. हा तुमच्या कोडमधला बग नाही, अँड्रॉइड ठरल्याप्रमाणेच वागतंय. कीस्टोअरमधली (फोनमधल्या किल्ल्यांच्या सुरक्षित तिजोरीतली) किल्ली बायोमेट्रिकशी बांधली, की फोनमध्ये नवीन ठसा नोंदवला जाताच ती कायमची बाद होते. तो नवा ठसा पुसून टाकला तरी ती परत येत नाही. आणि हे योग्यच आहे. नाहीतर फोनचा पिन माहीत असलेला कुणीही स्वतःचं बोट नोंदवून वॉलेट उघडेल. ही अट बंद करायची सोय आहे, आणि कुणीतरी तुम्हाला ती सुचवेलच. कृपा करून तिला हात लावू नका.

अडचण एवढीच, की तुमच्याकडे बहुधा तीच एकमेव किल्ली आहे. सीड एका वेगळ्या, यादृच्छिक डेटा-किल्लीने एन्क्रिप्ट करा आणि त्या डेटा-किल्लीच्या दोन बंद प्रती ठेवा: एक ठशाच्या किल्लीने बंद केलेली, दुसरी अ‍ॅपच्या पिनने. ठशाची बाद झाली तर पिन मागा, ठशाची नवी प्रत बनवा आणि काय झालं ते वापरकर्त्याला एका ओळीत सांगा.

पिनची प्रत मात्र नुसत्या आर्गॉन२ च्या (पिनमधून किल्ली मुद्दाम सावकाश काढणाऱ्या पद्धतीच्या) भरवशावर सोडू नका. सहा आकडी पिन म्हणजे १० लाख शक्यता. एका प्रयत्नाला अर्धा सेकंद लागतो असं धरलं तरी सगळ्या शक्यता सहा दिवसांच्या आत संपतात, तेही एका वेळी एकच प्रयत्न चालवून. चोर एकच चालवेल असं मानायला काही कारण नाही. म्हणून पिनमधून निघालेल्या किल्लीला कीस्टोअरमधली दुसरी एक किल्ली जोडा, जी ठशाशी बांधलेली नाही आणि फोनबाहेर जाऊच शकत नाही. मग फाइल चोरून नेली तरी बाहेर बसून पिन लावून बघता येत नाहीत.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग व्यवहारांवर सही करणारी खासगी किल्लीच थेट चिपमध्ये का ठेवत नाही? कारण बिटकॉइन आणि इथेरियमच्या सह्या ज्या गणिती वक्रावर चालतात, तो सेकपी२५६के१, आयफोनचं सिक्युअर एन्क्लेव्ह (त्याची सुरक्षित चिप) किंवा अँड्रॉइडचं कीस्टोअर हाताळत नाही. तिथे राहते ती फक्त कुलूप लावणारी किल्ली. सही करताना खरी किल्ली थोडा वेळ अ‍ॅपच्या मेमरीत येतेच. तुमचं अ‍ॅप जावास्क्रिप्टमध्ये असेल तर सीड स्ट्रिंग म्हणून फिरवू नका, कारण स्ट्रिंग हवी तेव्हा पुसता येत नाही. नेटिव्ह कोडमध्ये बाइट्स ठेवा, काम झालं की शून्यं भरा.

फोन बदलल्यावरही हीच रड येणार आहे. ऑटो बॅकअपमधून एन्क्रिप्ट केलेली फाइल नव्या फोनवर येते, कीस्टोअरची किल्ली येत नाही. ती फाइल बॅकअपमधून वगळा आणि नव्या फोनवर सरळ बारा शब्द मागा.

आता ऑडिट. आमचं ज्यांनी केलं त्यांचं नाव लिहिणार नाही, व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. अहवाल देखणा होता. अर्धी पानं म्हणजे एखाद्या स्कॅनरने ओकलेल्या ओळी: रूट केलेला फोन ओळखत नाही, जोखीम उच्च. कोड दुर्बोध केलेला नाही, जोखीम मध्यम. आम्हीही भक्तिभावाने एकेक ओळ दुरुस्त करत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आग कुठे होती? सीड आयात करण्याच्या पडद्यावर आमच्या एका चाचणीवाल्याने मुद्दाम एक शब्द चुकवून अ‍ॅप कोसळवलं, आणि क्रॅश रिपोर्टच्या डॅशबोर्डवर बाकीचे अकरा शब्द ओळीने दिसले. क्रॅश नोंदवणारं एसडीके (अ‍ॅपमध्ये जोडलेला बाहेरचा तयार कोड) त्रुटीबरोबर त्या पडद्याची अख्खी स्थिती उचलून पाठवत होतं. ऑडिटवाल्यांना विचारलं, हे कसं सुटलं? उत्तर आलं: तो बाहेरचा घटक आहे, कार्यकक्षेत नाही. कागदावर त्यांचं बरोबरच होतं. कार्यकक्षेच्या पानावर क्रिप्टोग्राफीच्या फोल्डरांची नावं होती आणि पुढे 'फक्त' असा शब्द होता.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. दुरुस्ती छोटी होती, लगेच झाली. पण आमच्या अ‍ॅपला नाण्यांची अदलाबदल पुरवणाऱ्या भागीदाराला प्रत्येक बदललेल्या आवृत्तीसाठी ताजा अहवाल हवा होता, आणि ऑडिटवाले म्हणत, कोड बदलला म्हणजे जुना अहवाल रद्द, पुन्हा रांग, पुन्हा शुल्क. पत्राला दर वेळी वेगळ्या माणसाच्या सहीने तोच परिच्छेद यायचा. म्हणजे बघा, शब्द बाहेर सांडणाऱ्या आवृत्तीवर 'सुरक्षित' असा शिक्का, आणि दुरुस्त केलेली आवृत्ती कित्येक आठवडे शिक्क्याविना कपाटात. जुन्या आवृत्तीत शब्द टाकलेल्या लोकांना आम्हीच गाठून नवं वॉलेट काढून पैसे तिकडे हलवायला सांगितलं. शिक्का देणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं समजू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरची ९,००० हून जास्त वॉलेटं रिकामी झाली, तेव्हा तपासात दिसलं की स्लोप नावाच्या वॉलेटचं मोबाइल अ‍ॅप सीड शब्द उघड्या मजकुरात देखरेखीच्या सेवेकडे पाठवत होतं. सगळ्याच चोऱ्यांचा उलगडा त्या नोंदींतून झाला नाही. पण ते शब्द तिथे असायलाच नको होते, यावर दुमत नाही.

म्हणून सांगते, तुमच्या अहवालातलं पहिलं पान मिटा आणि कार्यकक्षेचं पान उघडा. तपासलं काय, रेपोतला (कोडच्या भांडारातला) कोड की स्टोअरवर जाणारी प्रत्यक्ष बिल्ड (तयार अ‍ॅप)? बाहेरची एसडीके धरली का? बॅकअपचे नियम, लॉग, अपडेट जिथून निघतं ते सर्व्हर? ठशाचा प्रकार अहवालात नाही, यावरूनच मला वाटतं की खऱ्या फोनवर कुणी अ‍ॅप चालवलेलं नाही. पुढच्या वेळी फेरतपासणीचा दर आणि मुदत आधी लेखी घ्या. चांगले ऑडिटर असतात, मी पाहिलेत. ते पहिल्याच बैठकीत 'तुम्हाला नक्की कुणापासून वाचायचंय?' असं विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत कोड उघडत नाहीत.

क्रॅश रिपोर्टिंगबद्दल माझं मत टोकाचं आहे: सीड दिसतो किंवा लिहिला जातो त्या पडद्यांवर ते पूर्ण बंद हवं. 'गाळणी लावली आहे' हे उत्तर मला पुरत नाही, गाळणीला आज माहीत नसलेलं फील्ड उद्या कुणीतरी जोडतंच. विश्लेषणाची एसडीकेही तिथे नकोत. शब्द लिहायला फोनचा कीबोर्ड देऊ नका, तो शिकतो. सीड शब्दांच्या यादीत २०४८ शब्दच आहेत आणि इंग्रजी यादीत पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, तेव्हा अ‍ॅपमध्येच छोटा कीबोर्ड बसवणं अवघड नाही. 'शब्द कॉपी करा' हे बटण काढून टाका. अँड्रॉइडवर स्क्रीनशॉट अडवा. आयफोनवर तो सरळ अडवता येत नाही, काढल्यावर फक्त कळतं, तेव्हा तिथे इशारा तरी द्या. फोटोंमधला मजकूर वाचून सीड शोधणारं स्पार्ककॅट नावाचं मालवेअर २०२५ च्या सुरुवातीला दोन्ही अधिकृत स्टोअरांवरच्या अ‍ॅप्समध्ये सापडलं होतं, म्हणून हा आग्रह.

लायब्रऱ्यांचंही तसंच. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं भांडार) पॅकेजमध्ये घुसवलेला कोड खास कोपे वॉलेटवर नेम धरून लिहिलेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारख्या सर्रास वापरातल्या पॅकेजांच्या देखभालकर्त्याला फसव्या मेलने गाठून, व्यवहारातला पत्ताच बदलणारा कोड त्यांत घातला गेला. आवृत्त्या गोठवा, लॉकफाइलमधूनच (नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या फाइलमधूनच) बिल्ड करा, नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारू नका. आणि जे पॅकेज चार ओळींचं काम करतं त्या चार ओळी स्वतः लिहा. (क्रिप्टोग्राफी मात्र स्वतः लिहू नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.)

सीड बनवायला लागणाऱ्या रँडम (यादृच्छिक) आकड्यांबद्दल थोडक्यात: ऑपरेटिंग सिस्टिमचा सुरक्षित स्रोत वापरा, मध्ये काहीही नको. ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये नोव्हेंबर २०२२ मधले काही दिवस सीड फक्त ३२ बिटांच्या यादृच्छिकतेतून बनत होता. म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता, एवढ्या सगळ्या संगणकावर तपासून होतात. पुढच्याच वर्षी लिबबिटकॉइन या बिटकॉइन लायब्ररीच्या साधनातही याच जातीचा दोष निघाला. दोन्हीकडे बाहेर पडणारे शब्द दिसायला अगदी खरे होते, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळत नाही.

सहीच्या पडद्यावर वेळ घालवा, डिझायनरने तोंड वाकडं केलं तरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे १.५ अब्ज डॉलर गेले तेव्हा किल्ल्या कुणी चोरल्या नव्हत्या. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच गोष्टीवर होत होती. पत्ता पूर्ण दाखवा. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून इतिहासात पेरले जातात आणि लोक तिथूनच कॉपी करतात. तुमची नाणी हलवायची अमर्याद परवानगी मागणारा करार (ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम) असेल तर 'अमर्याद' हा शब्द लिहा, त्याजागी दिसणारी ७८ आकडी संख्या कुणी वाचत नाही.

थोडं विषयांतर, पण आपल्या लोकांच्या कामाचं. सीडबरोबर जादा पासफ्रेज (स्वतः ठरवलेला गुप्त मजकूर) ठेवायची सोय दिली असेल आणि कुणी ती देवनागरीत लिहिली, तर 'दुसऱ्या' यासारखा शब्द घात करू शकतो. त्यातला 'ऱ्या' काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट्स वेगळे. बीआयपी-३९ मध्ये सांगितलेलं युनिकोड सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. चुकीच्या पासफ्रेजवर अ‍ॅप त्रुटीही दाखवत नाही, निमूटपणे दुसरंच, रिकामं वॉलेट उघडतं. आम्ही शेवटी पासफ्रेज साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांपुरती मर्यादित केली. दुसरी छोटी टीप: चाचणीसाठी सगळे वापरतात तो 'अबॅन्डन' अकरा वेळा आणि शेवटी 'अबाउट' हा सीड खऱ्या पैशांसाठी कधीच वापरू नका. त्या पत्त्यांवर पडलेलं नाणं उचलायला बॉट टपलेले असतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सर्व्हरवर प्रत? माझ्या मते नको. ती उघडण्याची किल्लीही तुमच्याकडे असेल तर व्यवहारात तुम्ही लोकांचे पैसे सांभाळणारे झालात. त्याचे कायदे वेगळे, त्यासाठी खरा वकील गाठा. किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डमधून काढणार असाल तर तुमच्या सर्व्हरवर हल्लेखोरांसाठी एक आयती पेटी तयार होते, आणि लोकांचे पासवर्ड कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा पैसे स्वीकारण्याचा पत्ता दाखवण्याआधी शब्दांची उजळणी घ्या: चौथा कोणता, नववा कोणता. काही जण वैतागून अ‍ॅप काढून टाकतील, टाकू द्या.

ज्यांची वॉलेटं अडकली आहेत त्यांनी शब्द लिहून ठेवले असतील तर आयात करून मोकळे होतील. नसतील आणि पिनची वेगळी प्रतही नसेल, तर ते पैसे गेले. 'आम्ही बघतो आहोत' असं म्हणून त्यांना झुलवत ठेवू नका, आजच सांगा. चाचणी नेटवर्कवरची नाणी असतील तर प्रश्नच मिटला, पण पोस्टमध्ये तुम्ही ते लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. आणि क्रॅश रिपोर्टिंगला कोणतं एसडीके लावलंय तेही.