पासिंग २०१५ ला संपलेली आरएक्स १०० घ्यावी का?

प्रश्न: मी कोल्हापूर जिल्ह्यात राहतो. १९९५ ची यामाहा आरएक्स १०० घ्यायचं ठरवलं आहे. मागणी ९० हजारांची आहे, १० हजार टोकन दिलं आहे. आरसी पुस्तकात २०१० चं एकच री-पासिंग आहे, तेही जुलै २०१५ ला संपलं. विकणारे म्हणतात, "गाडी तेव्हापासून घरातच उभी आहे, इंजिन कधी खोललेलं नाही." त्यांनी ती २०१४ मध्ये घेतली, पण नावावर केली नाही. आधीच्या मालकांच्या सह्या असलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० देतो म्हणतात. गाडीच्या तपासणीचा इतिहास कुठे मिळेल? की टोकन परत मागू?

उत्तर: सरकारी तपासणीचा इतिहास म्हणाल, तर तो बहुतेक सगळा तुमच्यासमोरच्या पुस्तकात आला आहे. आपल्याकडे खासगी दुचाकीची दरवर्षी तपासणी होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे पहिली नोंदणी १५ वर्षं चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. म्हणजे या गाडीकडे निरीक्षकाने नव्याने बघितलं ते २०१० मध्ये. त्या दिवशी नंबर जुळले, दिवे-ब्रेक चालले, एवढंच त्या शिक्क्यावरून कळतं. इंजिन कसं आहे, हे तो शिक्का सांगत नाही आणि त्यानंतर इतकी वर्षंही गेली आहेत.

म्हणून "घरातच उभी होती" हे वाक्य इतर कागदांवर घासून बघा. या काळातल्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी लागते. विमा दरवर्षीचा. त्यांच्याकडे आहेत तेवढ्या जुन्या पॉलिसी आणि पीयूसी मागून घ्या. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाका आणि ई-चलानची थकबाकीही पाहा. २०१५ नंतरचं एखादं चलान किंवा पीयूसी निघाली, तर गाडी रस्त्यावर होती आणि तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. नंबर टाकून काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. हाताने लिहिलेल्या पुस्तकांच्या कितीतरी गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. आरटीओत मूळ पुस्तक दाखवून आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. ती विकणाऱ्यांनी करून आणावी, तुम्ही नव्हे. कार्यालयातलं रेकॉर्ड आणि पुस्तक जुळत नसेल, तर ते इथेच उघडं पडतं.

नंबरांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, तुम्हीही राहा. आरएक्सच्या चौकटीत आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या बाजारात सर्रास फिरतात. परवानगीशिवाय असा बदल कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर विषय पोलीस ठाण्यात जातो. चेसिस नंबरची पेन्सिल छाप स्वतः घ्या, इंजिनवरचा नंबर उजेडात वाचा, घासून पुन्हा ठोकल्याची खूण दिसते का बघा. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर तपासता येते. एवढं झाल्यावर टू-स्ट्रोक जाणणारा फिटर सोबत न्या. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील सुकतात, टाकी आतून गंजते. ऑइल पंप काढून टाकलाय का, हेही त्याला बघू द्या. गाडी सुरू करून बघायची ती मात्र आवारातच. पासिंग संपलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५२ मनाई करतो. विमाही नसताना चक्कर मारताना कुणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

आता कोऱ्या फॉर्मचं. मला खरी काळजी इथे आहे. मालक गाव सोडून गेले असतील, वारले असतील किंवा उद्या "सही माझी नाही" म्हणाले, तर तुमच्याकडे कागदाचे दोन तुकडे उरतात. कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. नोंदणीकृत मालकांना हे शांतपणे समजावून सांगा. गाडी नावावरून उतरण्यात त्यांचंही हित आहे, सहसा लोक येतात. मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर, मग तुमच्या नावे. दुसरी वाट नाही.

नूतनीकरण फॉर्म २५ वर होईल. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे. उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे, शिवाय पर्यावरण कर. इतक्या वर्षांच्या उशिराने हा बोजा लहान राहणार नाही. विकणाऱ्यांना आरटीओतून आकडा काढून आणायला सांगा आणि तो ९० हजारांतून वजा करा.

"इंजिन खोललेलं नाही" हे त्यांच्याकडून लिहून घ्या. विकणारे खासगी गृहस्थ आहेत, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. राहतो भारतीय करार कायदा, १८७२. त्याचं कलम १९ फसवलेल्या माणसाला करार रद्द करू देतं, पण एक अट घालून: विकणारा नुसता गप्प राहिला असेल आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळलं असतं, तर ती सवलत मिळत नाही. पुस्तकातली कोरी पानं तुम्ही पाहिली आहेत, तेव्हा पासिंगबद्दल उद्या तक्रार चालणार नाही. इंजिनाबद्दल मात्र ते गप्प नाहीत, ठामपणे बोलत आहेत. ते खोटं असल्याचं माहीत असून बोलले असतील, तर ती फसवणूक ठरते. तोंडी शब्द सिद्ध करताना दमछाक होते, म्हणून आज रात्रीच व्हॉट्सॲपवर विचारा: गाडी कधीपासून उभी आहे, इंजिनाचं काय काम झालं आहे. आलेलं उत्तर पुसू नका, फोनही बदलू नका.

टोकन लगेच परत मागू नका. नुसतं मन बदललं म्हणून मागे फिरलात तर ते बुडू शकतं. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा. त्यात दोन्ही नंबर लिहा आणि स्पष्ट घाला की विकणाऱ्यांनी साठ दिवसांत नोंदणीकृत मालकाला आणून नूतनीकरण आणि हस्तांतर पूर्ण करून द्यायचं, उरलेले पैसे तुमच्या नावाची आरसी निघाल्यावर मिळतील, आणि न जमल्यास दहा हजार परत. ते या करारावर सही करायला तयार नसतील, तर गाडी नावावर करून देणं त्यांच्या हातात नाही असं समजा आणि टोकन परत मागणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा.