पोराला ड्रायझायटल व्हायचंय!

प्रश्न : सर, मी मूळचा सातारचा, नोकरीसाठी कोलोनला असतो. मुलगा नऊ वर्षांचा, मित्रांचं बघून आइस हॉकीला जायला लागलाय आणि आता दिवसरात्र एकच, मला लिऑन ड्रायझायटल व्हायचंय. ऑफिसातले सांगतात की त्यालाही एकदा एनएचएलमधून, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमधून, परत पाठवलं होतं. खरंय का हे? मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही.

उत्तर : खरंय. आणि तुम्ही तर त्याच्याच गावात राहताय की, लिऑनचा जन्म कोलोनचाच, 27 ऑक्टोबर 1995. वडील पेटर ड्रायझायटल पण जर्मनीकडून खेळलेले, 1992 च्या ऑलिंपिकला कॅनडाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांनी मारलेला पक (आइस हॉकीतली चकती) गोलकीपरच्या पॅडमधून सुटला, घरंगळत गेला आणि नेमका गोललाइनवर थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. जर्मनी बाहेर. तिकडची जुनी माणसं अजून हळहळतात, ऑफिसात विषय काढून बघा.

तर पोरगा मानहाइमच्या युंगआडलर टीममध्ये तयार झाला आणि 2012 ला, म्हणजे सोळाव्या वर्षी, घर सोडून कॅनडात प्रिन्स अल्बर्टला ज्युनियर लीग खेळायला गेला. 2014 च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स टीमने त्याला तिसऱ्या नंबरवर उचललं, त्याआधी कुठलाच जर्मन इतक्या वर गेला नव्हता. आणि मग लगेच मोठ्या लीगमध्ये उतरवला. 37 मॅच, 2 गोल, 7 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास). आता गंमत अशी की त्या वयाच्या ज्युनियरवाल्या पोराला मधल्या लीगमध्ये ठेवायची सोय नियमात नव्हती, एक तर एनएचएल नाहीतर परत ज्युनियर, त्यामुळे 2015 च्या जानेवारीत साहेब थेट पोरासोरांत परत, केलोनाच्या ज्युनियर टीममध्ये.

लोकांना वाटलं संपलं. तिकडे त्याने 32 मॅचमध्ये 53 पॉइंट काढले (गोल आणि असिस्ट मिळून पॉइंट धरतात), टीमने लीग जिंकली, पुढे मेमोरियल कपची, म्हणजे ज्युनियर टीमच्या मोठ्या स्पर्धेची, फायनल हरले पण स्पर्धेतला बेस्ट खेळाडू हाच. हरलेल्या टीमचा! माझं वैयक्तिक मत विचाराल तर परत पाठवणं ही शिक्षा नव्हतीच, चूक झाली होती ती आधी घाईने वर चढवण्यात. पुढच्या सीझनला सुरुवातीच्या काही मॅच त्या मधल्या लीगमध्ये, मग वर आला आणि 72 मॅचमध्ये 51 पॉइंट. त्यानंतर खाली जायची वेळ आली नाही.

2019-20 ला 71 मॅचमध्ये 110 पॉइंट. सगळ्यात जास्त पॉइंटची आर्ट रॉस ट्रॉफी आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी, दोन्ही मिळवणारा पहिला जर्मन. त्याच वर्षी जर्मनीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू पण तोच, फुटबॉलवेड्या देशात हे म्हणजे आपल्याकडे क्रिकेटरला सोडून खो-खोवाल्याला मान दिल्यासारखं.

पोराला एकच दाखवा, त्याचा बॅकहँड पास. उलट्या बाजूने, न बघितल्यासारखा, तरी बरोबर समोरच्याच्या स्टिकवर. नऊ वर्षांचा आहे, आत्ता फक्त स्केटिंग पक्कं होऊ दे, ड्राफ्ट-बिफ्टचं घरात बोलूच नका.

प्रश्न : 2018 ला जर्मनीने ऑलिंपिक सिल्व्हर जिंकलं त्यात ड्रायझायटल होता का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नव्हता. एनएचएलने त्या वर्षी आपले खेळाडू सोडलेच नाहीत, सीझन मध्येच थांबवायला नको म्हणून. तरी फायनलला रशियन खेळाडूंविरुद्ध शेवटचं मिनिट चालू असताना जर्मनी 3-2 पुढे होती! 55 सेकंद राहिले असताना बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये जर्मनी हरली. बापलेक दोघांच्या नशिबात ऑलिंपिकचं काहीतरी विचित्रच लिहिलंय.

प्रश्न : पैसे किती मिळतात हो या लोकांना? आणि एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकलाय का त्याने? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 2017 ला आठ वर्षांचे 6 कोटी 80 लाख डॉलर ठरले तेव्हा बऱ्याच जणांना जास्तच वाटले होते, नंतर तेच लोक म्हणायला लागले की ऑइलर्सला स्वस्तात पडला. 2024 ला नवीन करार, आठ वर्षांचे 11 कोटी 20 लाख डॉलर. कपचं विचाराल तर 2024 आणि 2025, लागोपाठ दोन फायनल फ्लोरिडाच्या टीमकडून हरले, पहिली तर सात मॅचच्या मालिकेत अगदी सातव्या मॅचला. 2025 च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) पठ्ठ्याने ओव्हरटाइममध्ये 4 गोल मारले, एका प्लेऑफमध्ये तेवढे आधी कुणीच मारले नव्हते, तरी कप फ्लोरिडाकडेच गेला.