१२ फ्लॅटच्या सोसायटीत सभेला पाचच जण आले, तर त्यांनी केलेला लिफ्ट बदलण्याचा ठराव कायदेशीर ठरतो का?

ठरू शकतो, पण आधी इमारतीची नोंदणी कशी झालीय ते बघा. नाशिकमध्ये अनेक लहान इमारतींना लोक सोसायटी म्हणतात, पण त्या डीड ऑफ डिक्लेरेशन (नोंदवलेला घोषणादस्त) करून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आलेल्या असतात. तसं असेल तर कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, त्या डिक्लेरेशनच्या उपविधींत (नियमावलीत) बघायचा. तिथे मतंसुद्धा माणशी एक अशी नसतात, प्रत्येक फ्लॅटला दिलेल्या टक्केवारीने मोजतात.

नोंदणीकृत सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला जो कमी तो. म्हणजे तुम्हाला ८ जण हवेत. लहान सोसायटीला हे फार जड जातं. शंभर फ्लॅटवाल्यांचं २० जणांत भागतं, आणि तुमचे चार मालक पुण्या-मुंबईला असतील तर एकाला ताप आला तरी सभा अडते. त्यात फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर सभेला आलेली बायको कोरममध्ये धरत नाहीत. तिला सहयोगी सभासद करून घ्या. कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेला भाऊही चालत नाही.

अर्ध्या तासात कोरम झाला नाही की सभा तहकूब. त्याच दिवशी पुन्हा भरवायची तर ती वेळ मूळ नोटिशीतच दिलेली हवी. तहकूब सभेला कोरमची अट नाही, मात्र मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. लिफ्टचा खर्च ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घेतला असेल, तर तुमचा ठराव इथेच अडकेल. नोटिशीत लिफ्ट बदलणं, आलेली कोटेशनं आणि फ्लॅटमागे येणारी रक्कम स्पष्ट लिहा. विशेष सभेला पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते, वार्षिक सभेला १४.

तरीही पाच जणांच्या जोरावर एवढा खर्च करू नका, असंच मी सांगेन. पैसे बाराही घरांकडून यायचेत. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून मी बाहेरगावच्या मालकांना कोटेशनं आधी पाठवतो, फोन करतो. फोनवरचा होकार मत म्हणून धरता येत नाही, पण कोणाची अडचण काय आहे ते सभेआधीच कळतं आणि बरेच जण मग आवर्जून येतात.

सभा किती वाजता तहकूब झाली, पुन्हा कधी सुरू झाली, कोण हजर होतं, हे इतिवृत्तात नोंदवा आणि हजेरीच्या सह्या घ्या. उद्या कोणी तक्रार घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलं तर तुमच्या हातात तेच असेल.