वाचकांचे प्रश्न : शकुंतलेच्या वाटेवरची फाटके

प्रश्न : आमच्या गावातून शकुंतला गाडीचे रूळ जातात. गाडी बंद पडली, तरी रस्त्यातले रूळ तसेच आहेत. पूर्वी गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावत असे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. हे खरे आहे का? आणि आता अशा ठिकाणी वाहन थांबवणे बंधनकारक आहे का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी हा मार्ग मुळात कशासाठी बांधला गेला, तेथून सुरुवात करावी लागेल. वऱ्हाडातला कापूस मुंबई–नागपूर या मुख्य ब्रॉडगेज मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी मूर्तिजापूरहून दोन नॅरोगेज फाटे काढण्यात आले. त्यांपैकी एक दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारा सुमारे ११३ किलोमीटरचा, तर दुसरा अचलपूरला जाणारा सुमारे ७६ किलोमीटरचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झालेल्या या मार्गांची मालकी किलिक निक्सन समूहाच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती आणि गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते. स्वातंत्र्यानंतर ते मध्य रेल्वेकडे आले. मालकी मात्र खासगीच राहिली.

रुळांतले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर आणि गाडी हलकी, त्यामुळे मार्ग शक्य तेथे जमिनीच्या उंचसखलपणाला धरूनच नेता आला. मोठे भराव टाळले गेले, रस्त्यांवर पूल बांधण्याचा प्रश्न फारसा आला नाही आणि वाटेतला गाडीरस्ता असो की पांदण, रुळांनी तो सपाटीवरच ओलांडला. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या धावणाऱ्या मार्गावर प्रत्येक ओलांडणीपाशी कायमचा गेटमन ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची, कर्मचारी उतरून दोन्ही बाजूंची फाटके लावायचा, गाडी पलीकडे गेली की ती उघडून पुन्हा गाडीत चढायचा. तिकिटे देण्यापासून इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंतची कितीतरी कामे हीच माणसे करीत असत. मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबले आणि त्यानंतर डिझेल इंजिन आले. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे फाटकापाशी थांबण्याने प्रवाशांचे फारसे बिघडत नसे. उलट रस्त्यावरचा बैलगाडीवालाही निश्चिंत असे. या कर्मचाऱ्यांच्या कामाची नोंद नीट झालेली नाही, याची आम्हांला खरोखर खंत वाटते. आपल्या गावात त्यांच्यापैकी कोणी हयात असतील, तर त्यांच्या आठवणी अवश्य लिहून घ्याव्यात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३१ नुसार रखवालदार नसलेल्या रेल्वे ओलांडणीपाशी चालकाने वाहन थांबवावे, वाहक, क्लीनर किंवा सोबतच्या अन्य व्यक्तीला रुळांपर्यंत चालत पाठवावे, कोणत्याही बाजूने गाडी अथवा ट्रॉली येत नाही याची खात्री करून घ्यावी आणि मगच त्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली वाहन पलीकडे न्यावे. सोबत कोणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. मार्गावर किती गाड्या धावतात, यावरून कलमात कोणताही भेद केलेला नाही. म्हणून रेल्वेने ओलांडणी रीतसर रद्द केल्याचे जाहीर होईपर्यंत थांबणे हेच योग्य. दुचाकीस्वारांनी आणखी एक काळजी घ्यावी. रूळ रस्त्याला तिरपे छेदत असतील, तर ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. रुळालगतच्या खाचेत चाक अडकण्याचा आणि पावसात ओल्या रुळावरून घसरण्याचा धोका गाडी बंद झाल्याने कमी होत नाही.

रस्त्याच्या प्रत्येक नव्या थरासोबत ही खाच डांबराने बुजत जाते आणि काही वर्षांनी रूळच दिसेनासे होतात. वाहनांच्या सोयीचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. परंतु ओलांडणीपलीकडचे रूळ, लोखंडी स्लीपर किंवा खांब काढून नेणे हा गुन्हा आहे. रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. मार्गाच्या पट्ट्यावरील अतिक्रमणाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. गावोगावच्या शिवारांतून जाणारी इतकी लांब, सलग जमीन आज नव्याने संपादन करायची झाल्यास किती अडचणी येतील, हे कोणत्याही भूसंपादन अधिकाऱ्याला विचारावे. हा मार्ग ब्रॉडगेज करण्यास २०१६ मध्ये मंजुरी जाहीर झाली होती, आणि ती प्रत्यक्षात यायची असेल तर पट्टा अखंड राहणे ही पहिली अट आहे.

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग दारव्ह्यावरूनच जाणार आहे. त्यातला वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो आला म्हणजे जुन्या मार्गाची गरज संपली, असे मात्र समजू नये, कारण दारव्ह्याहून कारंजा आणि मूर्तिजापूरकडे जाणारी दिशा नव्या मार्गात नाही. आपल्या गावातील ओलांडणीच्या दुरुस्तीबाबत किंवा तिच्या स्थितीबाबत नगर परिषदेने मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागीय कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करावा आणि ओलांडणीचे नेमके ठिकाण पत्रात नमूद करावे.