दोन शार्प दिसले की काय करायचं

स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, सुरुवातीला दोन शार्प (स्वर अर्ध्या स्वराने चढवणारी # ही खूण) दिसले म्हणून लगेच पाठांतराला लागू नका. आधी पेटीवर बसा. पांढरी एकला (पाश्चात्त्य सी) सा धरून बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर वाजवा. सगळे पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. आता तेच स्वर पांढरी दोनपासून (पाश्चात्त्य डी) घ्या. गंधार काळी तीनवर जातो, निषाद वरच्या काळी एकवर. कागदावरचे ते दोन शार्प म्हणजे हेच: काळी तीन म्हणजे एफ शार्प आणि काळी एक म्हणजे सी शार्प! सा कुठेही धरा, ग-म आणि नी-सां यांत अर्ध्या स्वराचंच अंतर राहतं, बाकी सगळीकडे पूर्ण.

मात्र बी मायनरलाही (बी, म्हणजे पांढरी सात, हा सा असलेल्या मायनर स्केललाही) हेच दोन शार्प असतात, तेव्हा चाल कुठल्या स्वरावर विसावते ते कान देऊन ऐका. आणि वाजवताना स्वर गात चला, नुसती बोटं फिरवू नका.