वाचकांचे प्रश्न : नेटवर्क स्टोरेजवर ज्याचं त्याचं खातं

प्रश्न : आम्ही सहाजण एकच नेटवर्क स्टोरेज वापरतो आणि सगळेच अ‍ॅडमिनच्या नावाने लॉगिन करतो. आता हिशेबाचं फोल्डर फक्त दोघांनाच दिसायला हवंय. सगळ्यांची वेगळी खाती काढावी लागतील का?

उत्तर : हो. अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं, त्यामुळे दुसरा मार्ग नाही. मात्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड सगळ्यात शेवटी बदला, नाहीतर भर कामात सगळे अडकतील.

आधी ‘सर्वसाधारण’ आणि ‘हिशेब’ असे दोन ग्रुप करा, मग सहा युजर. युजरची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. सहाहीजण पहिल्या ग्रुपमध्ये, त्यांतले दोघे दुसऱ्यातही. फोल्डरची परवानगी ग्रुपलाच द्या, व्यक्तीला नको. माणूस बदलला की ग्रुपमधलं नाव बदललं, काम संपलं.

घोळ होतो तो पुढे. हिशेबाच्या फोल्डरवर ‘सर्वसाधारण’ला मनाई लावावीशी वाटते. लावू नका. मनाई परवानगीवर मात करते आणि ते दोघेही ‘सर्वसाधारण’मध्ये आहेतच, म्हणजे तेही बाहेर! त्या ग्रुपपुढचे सगळे रकाने नुसते कोरे सोडा. स्टोरेजने आपणहून बनवलेला सर्व युजरांचा ग्रुपही तपासा, त्याला तिथे परवानगी राहिली असेल तर ती काढा. परवानगी नसलेल्यांना फोल्डरचं नावही दिसू नये, यासाठी बहुतेक वेळा वेगळी टिक असते.

स्टोरेज म्हणजे तुम्हीच उभा केलेला लिनक्स सर्व्हर असेल, तर लिनक्समध्ये युजर तयार करून भागत नाही. साम्बा, म्हणजे लिनक्सवरची फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारा प्रोग्रॅम, स्वतःचे पासवर्ड वेगळे ठेवतो. तिथेही प्रत्येक युजर जोडावा लागतो.

प्रश्न : नवीन खात्याचा पासवर्ड बरोबर आहे, तरी विंडोज 1219 ही एरर देऊन अडवतं. का?

उत्तर : एका लॉगिनमध्ये विंडोज एका सर्व्हरशी एकाच युजरच्या नावाने जोडतं, आणि तुमचं जुन्या नावाचं कनेक्शन अजून चालू आहे. उघड्या फाइल सेव्ह करून बंद करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ (net use) चालवा, चालू कनेक्शनची यादी दिसेल, ती तोडा. मग विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मधून त्या सर्व्हरची जुनी नोंद काढून टाका, नाहीतर जुनंच नाव पुन्हा पुढे केलं जाईल. एकदा साइन आउट करून परत या. युजरचं नाव देताना आधी सर्व्हरचं नाव, मग उलटा स्लॅश, मग युजर असं लिहा.

प्रश्न : विंडोज कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअर केलंय, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून माझा पिन चालत नाही.

उत्तर : चालणारच नाही. पिन त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा पासवर्डच लागतो. बिनपासवर्डाचं लोकल (त्याच कॉम्प्युटरवरचं) खातंही विंडोज मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कवरून आत घेत नाही. शेअरिंगसाठी पासवर्डसह वेगळं लोकल खातं काढा, साधंच, अ‍ॅडमिन नको. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये परवानगी दोन ठिकाणी द्या : ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, अशी तक्रार असेल तर या दोहोंपैकी एका ठिकाणी फक्त वाचायची परवानगी दिलेली सापडेल.